दिवस शून्य

रक्त आलं नाही.
तुपाचा वास लागलेला माझा हात
टोफूने खेळता खेळता ओढला,
मनगटाच्या वर दोन पांढऱ्या रेघा उठल्या
आणि हळूहळू लाल झाल्या.
एवढंच.

मॅडम म्हणाल्या, अगं तो घरातला आहे,
गादीवर झोपतो, शॅम्पूने न्हातो.
मी विचारलं, इंजेक्शनं दिलीत ना त्याला?
हो तर, कार्ड असेल कुठेतरी.
तीन खण उघडले.
वॉशिंग मशीनची गॅरंटी निघाली,
साहेबांच्या चष्म्याचा नंबर निघाला.

मी सिंकमध्ये हात धरला.
पंधरा मिनिटं धार, भांड्यांचा पिवळा साबण,
नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे.
पाणी वाया चाललंय
असं मॅडम म्हणाल्या नाहीत.
नळाकडे बघत राहिल्या फक्त.

पाण्याचं मला माहीत आहे.

पाटणच्या वरच्या अंगाला आमची वाडी.
दौलूमामाला चावलं ते वाडीतलंच कुत्रं,
रोज त्याच्याच हातची भाकरी खाणारं.
जखमेत मिरचीपूड भरली
आणि पहाटे, वाटेत कुणाशी न बोलता,
त्याला सात विहिरींत डोकवायला नेलं.
कंदील माझ्या हातात, मी आठ-नऊ वर्षांची.
सातव्या विहिरीत स्वतःचं तोंड बघून तो हसला होता.
दोन महिन्यांनी, भात काढणीला आलेलं,
मामीने पितळी पेला पुढे केला
आणि सात विहिरी बघून आलेला माणूस
एका पेल्याला भ्याला.

ह्याच्या पुढचं मी कुणाला सांगत नाही.

वाशीला, पालिकेच्या दवाखान्यात,
केसपेपरवर लिहिलं: वैजयंता मारुती शेडगे, वय एक्केचाळीस.
सिस्टरने दोन्ही दंडांत टोचलं,
कातडीच्या आतच, मसुराएवढा फुगा आला.
आज दिवस शून्य, म्हणाली.
मग तीन, मग सात, मग अठ्ठावीस.
आणि कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा.

तेव्हापासून कोपरखैरण्याच्या त्या सहाव्या मजल्यावर
मी आधी गॅसपाशी जात नाही,
त्याच्या स्टीलच्या भांड्यापाशी जाते.
शिळं ओतून ताजं भरते, उकिडवी बसते.
पी रे बाबा.
तो बघतो, शेपूट हलवतो, वेळ काढतो.
माझा जीव त्याच्या जिभेच्या टोकावर.
मग लप लप लप,
मग मी उठते, पोळ्यांना लागते.

पाचव्या दिवशी तो प्यायला नाही.
तीन पोळ्या करपल्या, मीठ दोनदा पडलं.
अकरा वाजता सापडला
बाथरूमच्या बादलीत तोंड घालून पिताना.
मी त्याला शिव्या दिल्या, सातारी, आईवरून,
आणि ओट्याला टेकून रडले.
मॅडमना वाटलं कांदा.

दहावा दिवस गेला. तो ठणठणीत.
बघ, उगीच घाबरलीस, म्हणाल्या.
त्याच दुपारी कार्ड सापडलं,
फ्रीजवर, लोणच्याच्या बरणीखाली, तेलाचा गोल डाग,
शेवटची तारीख तीन वर्षांपूर्वीची.
दोघी काही बोललो नाही.
शनिवारी त्याला गाडीत घालून डॉक्टरकडे नेलं म्हणे.
माझे दोन अर्धे दिवस मात्र पगारातून कापलेले होते, ते तसेच राहिले.

अठ्ठाविसाव्या दिवशी खिडकीशी नवी सिस्टर.
कुत्रा भटका की पाळीव?
पाळीव.
तुमचा?
मी जरा थांबले.
मागे रांगेत बापाच्या कडेवर एक पोरगं,
गालावर ओरखडा, त्यावर हळद लिंपलेली.
पाणी मी घालते त्याला, सिस्टरला म्हटलं.
आणि मागे वळून बापाला:
ती हळद आधी धुवा, दादा. तिकडे नळ आहे.
चांगला मोठा सोडा.